कर्जाचा दावा आणि उशिरा सुचलेली कैफियत



दुपारची वेळ असते. ओसरीपाशी न्यायालयाचा बेलिफ येऊन उभा राहतो, पिशवीतून एक कागद काढतो, सही किंवा अंगठा घेतो आणि पुढच्या गावाला निघून जातो. कागदावर शिक्का असतो, घरधन्याचं नाव असतं, सावकाराचं किंवा दुकानदाराचं नाव असतं आणि एक तारीख असते. बाकीचं काही उमगत नाही. मग घरातला मुलगा तो कागद घेऊन शाळेकडे धावतो. "गुरुजी, एवढं वाचून सांगता का?"

त्या कागदाला समन्स म्हणतात. कर्जाच्या वसुलीचा दावा झाला आहे, या तारखेला हजर राहा आणि तुमचं म्हणणं लेखी द्या, असा त्याचा अर्थ. हे जे लेखी म्हणणं द्यायचं, त्याला आपल्याकडे कैफियत असा जुना शब्द आहे. आजचे भाषण या कैफियतीविषयी आहे, आणि त्यातही एका प्रश्नाविषयी. आधी दिलेली कैफियत चुकली किंवा अपुरी राहिली, तर ती मागाहून बदलता येते का? येत असेल, तर कुठपर्यंत?

प्रश्न वकिलांचा वाटतो खरा, पण त्याचं उत्तर ठाऊक नसल्यामुळे नुकसान होतं ते शेतकऱ्याचं. म्हणून तो आपण घरच्या भाषेत समजावून घेऊ.

आपल्या भागाला या प्रश्नाचा इतिहास आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांना हवी होती ती कर्जखते आणि रोखे. ते हाती लागले की त्यांची होळी करीत. हा दंगा पुणे आणि त्या वेळचा अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर, या जिल्ह्यांत पसरला. पुढे चौकशीसाठी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी एक खास कायदा झाला. त्या कायद्याने न्यायाधीशाला बजावले, की नुसता रोखा पाहून निकाल देऊ नका. देणेघेणे पहिल्यापासून तपासा, मुद्दल किती, व्याज किती, फेड किती ते पाहा. असं बजावावं लागलं, कारण शेतकरी बहुधा न्यायालयात फिरकतच नसे आणि दाव्यांचे निकाल एकतर्फी लागत. त्याची बाजू कागदावर येतच नसे.

तो कायदा आज राहिलेला नाही. आजचा शेतकरी न्यायालयात जातो, वकील देतो. पण पुष्कळ वेळा त्याची खरी बाजू आजही कागदावर येत नाही. वकीलपत्रावर सही झाली, फी दिली, म्हणजे काम झालं अशी समजूत असते. खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

आता कैफियत कशी असावी, ते पाहू. दिवाणी न्यायालयाचं कामकाज दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ या कायद्याप्रमाणे चालतं. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यावी, असा नियम आहे. कारण दाखवलं तर न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. त्याहून उशीर झाला तर दार कायमचं बंद होतं असं नाही; सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले आहे, की अपवाद म्हणून, सबळ कारण असेल तरच, त्यानंतरही कैफियत घेता येईल. पण अपवादावर विसंबून कोणी राहू नये. नदीला पूर आला तरी कधीकधी उतार सापडतो, म्हणून कोणी पुराची वाट पाहत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. दाव्यातल्या प्रत्येक मजकुराला वेगळं उत्तर द्यावं लागतं. हे कबूल, हे नाकबूल, हे अर्धं खरं आणि अर्धं खोटं, असं एकेक सांगावं लागतं. ज्या मजकुराला उत्तर दिलं नाही, तो कबूल आहे असं न्यायालय धरू शकतं. "दाव्यातील सर्व मजकूर खोटा आहे" अशी एक ओळ लिहून चालत नाही. आणि तुमच्याकडे काही नवी हकीकत असेल, म्हणजे पैसे फेडले आहेत, दावा मुदतीबाहेर गेला आहे, सही फसवून घेतली आहे, तर ती हकीकत मुद्दाम, स्पष्ट आणि तपशिलाने लिहावी लागते. फसवणूक म्हणायचं असेल तर कोणी, कधी, काय सांगून फसवलं, हे लिहावं लागतं.

याचं कारण सरळ आहे. कैफियतीवरून न्यायाधीश वादाचे मुद्दे काढतात. मुद्द्यांवर पुरावा होतो. पुराव्यावर निकाल होतो. कैफियतीत जे नाही त्याचा मुद्दा निघत नाही, आणि ज्याचा मुद्दा नाही त्याचा पुरावा सहसा विचारात घेतला जात नाही. पेरलं नाही ते उगवणार कुठून?

आता मी दोन घरांच्या गोष्टी सांगतो. ही घरं अमुक एका गावातली नव्हेत. तालुक्याच्या न्यायालयात ज्या तऱ्हेचे दावे येतात, त्यांवरून ती मी उभी केली आहेत. म्हणून नावं घेत नाही.

पहिलं घर एका कापूसवाल्या शेतकऱ्याचं. जून २०१८ मध्ये पेरणीच्या तोंडावर त्याने ओळखीच्या एका गृहस्थाकडून एक लाख वीस हजार रुपये घेतले आणि वचनचिठ्ठी लिहून दिली. जानेवारी २०२० मध्ये कापूस विकून त्याने पंचेचाळीस हजार रोख परत केले. देणाऱ्याने एका चिठ्ठीवर "पंचेचाळीस हजार पोचले" असं लिहून सही केली. चिठ्ठी घरात कुठेतरी ठेवली गेली. पुढची पिकं बसली, बाकी थकली आणि मार्च २०२१ मध्ये दावा आला. दावा पुऱ्या एक लाख वीस हजारांचा, वर व्याज.

समन्स हाती पडलं तेव्हा शेतकरी गडबडला. चहाच्या टपरीवर एक जाणता भेटला. तो म्हणाला, "सगळं नाकबूल कर. पैसे घेतलेच नाहीत म्हण. त्याला सिद्ध करू दे." शेतकऱ्याने वकिलांना तसंच सांगितलं. वकिलांनी विचारलं, "काही परतफेड?" हा म्हणाला, "घेतलेच नाहीत, तर परतफेड कसली?" कैफियत तशी गेली.

मुद्दे निघाले. वादीने शपथपत्र दिलं, वचनचिठ्ठी दाखल केली, सही पटली. उलटतपासणी संपली. तेवढ्यात दिवाळीची झाडलोट करताना बायकोला ट्रंकेच्या तळाशी ती पंचेचाळीस हजारांची चिठ्ठी सापडली. शेतकरी धावत वकिलांकडे गेला. कैफियत दुरुस्त करून मागण्याचा अर्ज झाला. आता म्हणणं असं, की पैसे घेतले होते, पण पंचेचाळीस हजार फेडले आहेत.

अर्ज नामंजूर झाला. का झाला, ते नीट लक्षात घ्या, कारण आजच्या भाषणाचं सार त्यातच आहे.

कैफियत किंवा दावा दुरुस्त करण्याची तरतूद संहितेच्या सहाव्या आदेशाच्या सतराव्या नियमात आहे. हा नियम मुळात उदार आहे. १९०९ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बॅचलर यांनी त्याची कसोटी दोन गोष्टींत सांगितली. दुरुस्तीने दुसऱ्या पक्षावर अन्याय होता कामा नये, आणि उभयतांमधला खरा वाद मिटवण्यासाठी ती दुरुस्ती जरुरीची असली पाहिजे. या दोन्ही गोष्टी असतील तर दुरुस्ती द्यावी. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली हीच कसोटी उचलून धरली. नुसता उशीर झाला असेल तर दुसऱ्या पक्षाला खर्च देववून त्याची भरपाई करता येते, असा जुना विचार होता.

पण या सवलतीचा गैरवापरही होऊ लागला. दावा लांबवायचा असला की द्या दुरुस्तीचा अर्ज! म्हणून १ जुलै २००२ पासून या नियमाला एक अट जोडली गेली. सुनावणी सुरू झाल्यानंतर दुरुस्ती मिळणार नाही; फक्त, योग्य ती दक्षता घेऊनही ही गोष्ट सुनावणीपूर्वी मांडता आली नसती, अशी न्यायालयाची खात्री झाली तरच मिळेल. सुनावणी सुरू झाली असं केव्हा धरायचं? मुद्दे निघाले आणि साक्षीदाराचं सरतपासणीचं शपथपत्र दाखल झालं, की ती सुरू झाली असं सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालावरून धरलं जातं. म्हणजे सुनावणीपूर्वीचं दार रुंद आहे आणि नंतरचं दार अरुंद.

आता आपल्या शेतकऱ्याकडे या. तो म्हणाला, चिठ्ठी आत्ता सापडली. न्यायालयाने विचारलं, चिठ्ठी आत्ता सापडली हे खरं धरू, पण पैसे दिल्याचं तुम्हांला ठाऊक होतं ना? त्यावर उत्तर नव्हतं. स्वतःच्या हाताने मोजून दिलेले पंचेचाळीस हजार कोणी विसरतो का? जी गोष्ट पहिल्या दिवशी माहीत होती, ती दक्षता घेऊनही सांगता आली नाही, असं म्हणता येत नाही. शिवाय शपथेवर आधी लिहून दिलं होतं, की पैसे घेतलेच नाहीत.

निकाल पुऱ्या रकमेचा लागला. म्हणजे पंचेचाळीस हजार त्याला दोनदा भरावे लागणार होते. एकदा कापसाच्या पैशातून भरले, दुसऱ्यांदा कशातून भरायचे?

श्रोतेहो, या ठिकाणी एक भेद ध्यानात ठेवा. हकीकत वेगळी आणि तिचा कागद वेगळा. हकीकत तुमच्या डोक्यात असते. ती पहिल्याच कैफियतीत लिहायची. कागद हाताशी नसेल तर तसं लिहायचं: चिठ्ठी घरात आहे, शोध चालू आहे, किंवा नोंद अमुक बँकेत आहे. मग तो कागद पुढे सापडला, तर तो उशिरा दाखल करण्याची परवानगी मागता येते. तीही कारण दाखवूनच मिळते, पण ती वाट पुष्कळ सोपी असते. कारण मग तुम्ही नवं काही सांगत नसता. सांगितलेल्या गोष्टीचा आधार दाखवत असता. आपल्या शेतकऱ्याने पहिल्याच दिवशी "एक लाख वीस हजार घेतले, जानेवारी २०२० मध्ये पंचेचाळीस हजार रोख दिले, चिठ्ठी सापडत नाही" एवढ्या दोन ओळी लिहून दिल्या असत्या, तर ट्रंकेतली चिठ्ठी त्याच्या कामी येऊ शकली असती. चिठ्ठीने दगा दिला नाही. त्या दोन ओळी राहून गेल्या.

आता दुसरं घर. इथे एक बाई आहे. नवरा अचानक गेला. वर्षभराने खतबियाणांच्या दुकानदाराने उधारीच्या बाकीचा दावा लावला, तो तिच्यावर आणि मुलांवर, वारस म्हणून. नवऱ्याचे व्यवहार तिला ठाऊक नव्हते. तिने वकिलांना तसंच सांगितलं. कैफियतीत लिहिलं गेलं, की हे व्यवहार मयताचे आहेत, त्यांची माहिती या प्रतिवादींना नाही, हिशेब सिद्ध करावा. आणि वारस म्हणून जबाबदारी असलीच, तर ती मयताची जी मिळकत आमच्या हाती आली, तेवढ्यापुरतीच आहे. हे दुसरं म्हणणं कायद्याला धरून आहे. वारसाला मयताचं देणं स्वतःच्या कमाईतून फेडावं लागत नाही.

मुद्दे निघाले. दुकानदाराचं शपथपत्रही दाखल झालं. याच सुमारास नवऱ्याच्या वारसाचे कागद पुरे होऊन एका पतसंस्थेतलं त्याचं खातं बाईला पाहायला मिळालं. त्या खात्याची तिला कल्पनाच नव्हती. उताऱ्यात तीन नोंदी निघाल्या. तिन्ही वेळा पैसे त्याच दुकानदाराच्या खात्यावर गेले होते, आणि दाव्याच्या हिशेबात त्यांचा जमा पक्ष कुठेच नव्हता.

बाईने वेळ दवडला नाही. आठ दिवसांत अर्ज दिला. त्यात लिहिलं, की हे खातं मला अमुक तारखेला कळलं, त्यापूर्वी कळण्याला मार्ग नव्हता, कारण खातं मयताच्या एकट्याच्या नावावर होतं आणि वारसाचे कागद पुरे होईपर्यंत संस्था माहिती देत नव्हती. सोबत उतारा जोडला. कैफियतीत कोणता मजकूर कुठे घालायचा, तो शब्दशः लिहून दिला. दुकानदाराच्या वकिलांनी हरकत घेतली, की सुनावणी सुरू झाली आहे. न्यायालयाने तारखा पाहिल्या आणि अर्ज मंजूर केला. दुकानदाराला एक हजार रुपये खर्चापोटी द्यावेत असा हुकूम झाला, आणि त्याला नव्या मजकुरावर उत्तर देण्याची संधीही मिळाली. बाईने एक हजार भरले. ते पैसे वाया गेले असं कोणी म्हणेल का?

दोन्ही घरांत कागद उशिराच सापडला. मग फरक कशाचा? शेतकऱ्याला गोष्ट माहीत होती आणि त्याने ती दडवली. बाईला गोष्ट माहीत नव्हती, आणि जेवढं माहीत होतं तेवढं तिने खरं सांगितलं. कळल्याबरोबर ती न्यायालयापुढे गेली. उशीर दोघांनाही झाला. पण एकाच्या उशिराला कारण होतं आणि दुसऱ्याच्या उशिराला नव्हतं.

कोणती दुरुस्ती मिळण्याजोगी असते आणि कोणती नसते, याविषयी आणखी थोडं सांगतो. प्रतिवादीच्या बाबतीत न्यायालय वादीपेक्षा काहीसं सैल धोरण ठेवतं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली म्हटलं आहे, की बचावात नवा आधार जोडणं, एवढंच काय, आधीच्या बचावाशी न जुळणारा पर्यायी बचाव घेणं, हेही प्रतिवादीला करता येतं. मात्र यालाही सुनावणीची ती अट आहेच. आणि एक गोष्ट सहसा मिळत नाही, ती म्हणजे दिलेली कबुली पार पुसून टाकणं. "रक्कम घेतली" असं एकदा लिहून दिलं आणि वर्षाने "घेतलीच नाही" असं म्हणायचं झालं, तर तुमच्या कबुलीवर विसंबून वादीला जो फायदा मिळाला तो हिरावला जातो. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी दुरुस्ती नाकारली होती. कबुली कशी आणि कोणत्या गैरसमजातून दिली गेली, याचा खुलासा करणं निराळं, आणि ती खोडणं निराळं.

काही गोष्टी अशा आहेत, की त्या तुम्ही लिहायच्या राहिल्या तरी कायदा न्यायालयाला पाहायला सांगतो. मुदतीचा कायदा, १९६३ याप्रमाणे साध्या उसनवारीच्या किंवा वचनचिठ्ठीच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो. मुदत टळून गेलेला दावा, प्रतिवादीने हरकत घेतली नसली, तरी न्यायालयाने काढून टाकायचा असतो. पण मुदतीच्या आत तुम्ही सहीनिशी देणं कबूल केलं असेल, किंवा काही रक्कम भरून तसं लिहून दिलं असेल, तर तिथून मुदत नव्याने मोजली जाते, हेही विसरू नका.

तसंच सावकारी परवान्याचं. महाराष्ट्रात सावकारीचं नियमन करणारा कायदा २०१४ पासून आहे. त्याआधी १९४६ चा कायदा होता. सावकारीचा धंदा करणाऱ्याकडे कर्ज देते वेळी परवाना नसेल, तर न्यायालयाने त्याच्या बाजूने हुकूमनामा करायचा नाही, असं हा कायदा सांगतो. मुद्दलापेक्षा जास्त व्याजही सावकाराला वसूल करता येत नाही. आपल्याकडे जुना दामदुप्पटीचा नियम होता, त्याचंच हे भावंड म्हणा. मात्र अडचणीला एखाद्याने एकदाच हातउसने दिले, तर तो धंदेवाईक सावकार ठरत नाही. म्हणून समोरचा माणूस सावकारी करतो असं तुमचं म्हणणं असेल, तर तो आणखी कोणाकोणाला व्याजाने पैसे देतो, ही हकीकत कैफियतीतच आली पाहिजे. कायदा न्यायाधीशांना ठाऊक असतो. गावातला व्यवहार त्यांना तुम्हीच सांगायचा असतो.

आता दुरुस्ती मागायची वेळ आलीच, तर काय करावं? पहिली गोष्ट म्हणजे पुढच्या तारखेची वाट पाहू नये. चूक ध्यानात आली, की त्याच आठवड्यात वकिलांना गाठावं. अर्ज लेखी असावा, सोबत शपथपत्र असावं. कैफियतीच्या कोणत्या परिच्छेदात काय घालायचं आहे, ते शब्दशः लिहावं. ही गोष्ट कधी कळली, कशी कळली आणि आधी का कळली नाही, याच्या तारखा द्याव्यात. "नजरचुकीने राहून गेले" एवढ्यावर, विशेषतः सुनावणी सुरू झाल्यावर, काम भागत नाही. चूक वकिलांकडून झाली असेल तर तेही खरं सांगावं, पण त्याने दर वेळी सुटका होतेच असं नाही. आणि अर्ज मंजूर झाला म्हणजे कैफियत आपोआप बदलली असं होत नाही. न्यायालयाने दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर १४ दिवसांत, दुरुस्ती प्रत्यक्ष करून घ्यावी लागते. हे राहिलं तर मिळालेली परवानगी हातची जाते.

दावा चालू असताना तुम्ही वादीला काही पैसे दिलेत, तर त्याची पुरसिस देऊन न्यायालयात नोंद करून घ्या. हुकूमनामा झाल्यावर न्यायालयाबाहेर पैसे दिलेत, तर त्याची नोंद तीस दिवसांच्या आत करून घ्या. नोंद नसलेली फेड दरखास्तीच्या न्यायालयाला मानता येत नाही, आणि जप्ती पुऱ्या रकमेची येते.

आणखी एक सावधगिरी. वचनचिठ्ठीवरचा दावा काही वेळा संक्षिप्त पद्धतीने लावलेला असतो. त्याचं समन्स वेगळं असतं. त्यात हजेरी नोंदवायला दहाच दिवस असतात, आणि बचाव करायचा तर त्याची परवानगी निराळी मागावी लागते. म्हणून समन्स आल्याबरोबर ते कोणत्या तऱ्हेचं आहे, हे त्याच दिवशी वकिलांकडून समजून घ्या.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता दोन शब्द तुमच्याशी. गावात असा कागद पहिल्यांदा तुमच्याच हाती येतो. कैफियत तुम्ही लिहावी असं मी म्हणत नाही. ते वकिलांचं काम आहे. पण वकिलांकडे जाण्यापूर्वी त्या माणसाला समोर बसवून एका कोऱ्या कागदावर तारीखवार टिपण करून द्या. कर्ज कधी घेतलं, हातात प्रत्यक्ष किती आले, कागदावर किती लिहिले, सही कशावर केली, कोरा कागद होता का, किती वेळा किती फेडले, रोख की बँकेतून की मोबाइलवरून, तेव्हा समोर कोण होतं, पावती कुठे आहे. माणूस तुमच्याशी मोकळेपणाने बोलतो. न्यायालयाच्या आवारात त्याची जीभ अडखळते. तुमचं हे एक पानी टिपण वकिलांच्या हाती गेलं, तर कैफियत अपुरी राहण्याचं भय पुष्कळ कमी होईल. कैफियत तयार झाल्यावर सही करण्यापूर्वी ती त्याला मराठीत वाचून दाखवा. "यातलं काही राहिलं का?" एवढं विचारा. तो एक प्रश्न पुढचा दुरुस्तीचा अर्ज वाचवील.

ज्यांना वकिलाची फी परवडत नाही, त्यांच्यासाठी तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जातिजमातींच्या माणसांना, अपंगांना आणि ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना तिथे विनामूल्य वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी केला तरी माहिती मिळते. आणि तडजोडीला दोन्ही बाजू तयार असतील, तर लोकअदालतीचा मार्ग आहेच. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असतो.

शेवटी एवढंच सांगतो. कर्ज घेणं हा गुन्हा नव्हे, आणि "घेतले होते" असं सांगण्यात कमीपणा नाही. घेतले ते सांगा, फेडले तेही सांगा, आणि दोन्ही एकाच वेळी, पहिल्याच दिवशी सांगा. १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्याला आपली बाजू सांगण्यासाठी रोखे जाळावेसे वाटले. आज तुमची बाजू लिहून घ्यायला न्यायालय स्वतःहून तीस दिवस देत आहे. ते तीस दिवस हकीकत दडवण्यात घालवू नका.

उद्या कोणाच्या ओसरीवर बेलिफ आला, तर घाबरू नका. समन्स घ्या, त्यावर मिळाल्याची तारीख लिहून ठेवा, आणि संध्याकाळी दिवा लावून घरातली सगळी माणसं ट्रंक उघडून बसा. चिठ्ठी सापडली तर उत्तमच. नाही सापडली, तरी हरकत नाही. जे आठवतं ते खरं खरं लिहून काढा, आणि सकाळच्या एस.टी.ने तालुक्याला जा.